हवालदारांचे वरिष्ठ

"...मग सुरुवात कुठून करू, बुवा? तोफांपासून की पाळण्यापासून?"

सोमगीरबुवा मठाच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसले होते. त्यांनी एक शेंग शिष्यापुढे सरकवली.

"आधी ही फोड."

विश्वंभरने शेंगेला हात लावला नाही. दूरच्या पाठशाळेत न्याय आणि अलंकार शिकून तो नुकताच परतला होता. आज त्याचे पहिले प्रवचन होते. ते रंगले, तर यापुढे मठात तोच बोलेल, असे बुवांनी सांगून ठेवले होते.

प्रसंग सुभाना हवालदारांच्या वर्षश्राद्धाचा होता. ऐन तारुण्यात परमुलखातल्या महायुद्धात लढलेल्या आणि पुढे नव्वदी उलटेपर्यंत नांगर धरलेल्या या माणसाला सारी पंचक्रोशी ओळखत होती.

"लढाईचा भाग उत्तम साधला आहे," विश्वंभर म्हणाला. "बर्फ, गोळीबार, रक्ताने माखलेली दरी..."

"हे हवालदारानं सांगितलं तुला?"

"नाही. लहानपणी मी त्यांना विचारले होते. ते म्हणाले, 'बैलं उभी हायती,' आणि निघून गेले."

"मग दरी कुठून आणलीस?"

"अन्य लढायांच्या वर्णनांवरून... अनुमानाने."

बुवांनी ती शेंग उचलून स्वतःच फोडली.

"बरं. आता रानात जा. रीत पुरी कर."

त्या गावची रीत अशी, की वर्षश्राद्धाला जो बोलणार असेल, त्याने आधी मृताच्या रानात नांगराचा एक फेरा मारायचा. या रीतीचे मूळ भूमिपूजनाच्या एखाद्या जुन्या विधीत शोधता येईल. गावकरी मात्र कारण सोपे सांगतात: बोलणाऱ्याचे पाय आधीच दुखले, की भाषण आटोपशीर होते.

रानात हवालदारांची सून भागीरथीबाई बैलजोडी घेऊन उभी होती. बांधावर अर्धे गाव बसले होते.

विश्वंभरने धोतर खोचले आणि जू उचलले. बैलांनी माना फिरवल्या. त्याने चुचकारले, तसे दोघेही मागे सरले. त्याने आसूड उचलला, तेव्हा भागीरथीबाई मध्ये आली.

"आसूड ठेवा, महाराज. सायबांवर हात उगारत्यात व्हय?"

"कोण साहेब?"

"ह्यो सुभेदार. त्यो जमादार. मामंजींनीच नावं ठेवल्याली. फौजेत दोघंबी हवालदाराच्या वरचं. आदी सलाम करा, मग जू."

"मी... बैलांना?"

"मामंजी म्हणायचं, ज्याच्या मागनं दिवसभर चालायचं, त्याला सलाम केल्याबिगर चालू नये."

बांधावर कोणी तरी खोकले. विश्वंभरने सकाळपासून पुष्कळ नमस्कार स्वीकारले होते. केला एकही नव्हता...

त्याने घाईघाईने एक हात कपाळाला लावला.

"डावा हाय त्यो," बांधावरून म्हातारे रावबा लोहार म्हणाले. "डाव्या हाताचा सलाम सुभेदार घेत न्हाईत."

बांध हसला. विश्वंभरचे कान तापले. त्याने आसूड खाली ठेवला, टाचा जुळवल्या आणि उजवा हात वर नेला. या खेपेला घाई केली नाही.

सुभेदाराने मान वाकवली. मग जमादाराने.

फेरा कसाबसा पुरा झाला. त्याची रेघ इतकी वाकडी होती, की रावबांनी तिला ओढ्याची उपमा दिली. उरलेले रान सभेनंतर नांगरायचे होते, म्हणून जोडी जुंपलेलीच राहिली.

सभा बांधावरच्या आंब्याखाली भरली. विश्वंभर उठला.

"रणधुरंधर, नरशार्दूल..."

तो थांबला. सावलीबाहेर दोन बैल त्याच्याकडे पाहत होते.

बर्फ आठवेना. दरी आठवेना.

"लहानपणी," अखेर तो म्हणाला, "मी हवालदारांना लढाईविषयी विचारले होते. ते म्हणाले..."

पुढचे शब्द सगळ्या सभेने मिळून उच्चारले.

मग कोणी थांबेना.

"माज्या लग्नात अक्षता पडल्या आन् ह्येच म्हणून उठलं," रावबा म्हणाले. "बुंदीसुदिक खाल्ली न्हाई."

"सत्काराला शाल घातली, तेव्हाही हेच," सरपंचबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी ती शाल सुभेदाराच्या पाठीवर. म्हणाले, मान वरच्याचा."

"ही जोडी यायच्या आदी तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, चार दिस ऱ्हावा," भागीरथीबाई म्हणाली. "त्यालाबी ह्येच सांगितलं. तवा गोठ्यात एकबी बैल न्हवता, बया." ती हसत हसत डोळ्यांना पदर लावीत होती.

रावबा पुन्हा उठले. "आन् लढाई सपल्यावर मोठा सायेब म्हणाला, सुभाना, ऱ्हा, तुला जमादार करतो. तर त्या गोऱ्यालाबी..."

ही शेवटची हकिकत घडलेली, की गावाने मागाहून रचलेली, याविषयी दोन पाठ आहेत. दोन्ही पाठांत तो गोरा साहेब बैल कुठे आहेत हे पाहायला तंबूबाहेर येतो, एवढे मात्र समान आहे.

ऊन कलू लागले. एकाचे संपण्याआधी दुसऱ्याचे सुरू होत होते. विश्वंभर उभाच होता. तोही हसत होता. मग त्याला एकदम काही आठवले आणि तो बुवांच्या कानाशी वाकला.

"बुवा, यांना जरा आवरते घ्यायला सांगा. माझे प्रवचन राहिले... लढाई अजून सुरूच झाली नाही. असे झाले, तर यापुढे मठात बोलणार कोण?"

बुवा काठी टेकत उठले. बसायची घोंगडी त्यांनी झटकली. तिच्यातून शेंगांची फोलपटे उडाली. घडी करून त्यांनी ती विश्वंभरच्या खांद्यावर टाकली आणि रानाकडे बोट केले.

"बैलं उभी हायती."