चाकाचा बाक

घाटातला रस्ता नवाच झाला होता, तेव्हाची गोष्ट. कुंदाताई जीपमधून गावची माणसं नेत-आणत. एकदा वळणावर जीपचं पुढचं चाक कठड्याला घासलं. कड खरवडली आणि थोडा बाकही आला.

गॅरेजवर रज्जाकभाई म्हणाले, "ताई, नुसतं खरवडलं असेल तर घासून रंगवतो. चीर गेली असेल तर मात्र बदलावंच लागेल."

चाक हे ऐकत होतं. ते मागे टांगलेल्या स्टेपनीला हळूच म्हणालं, "मावशी, फिरवून बघतील तेव्हा मी अंग आवळून धरीन. बाक दिसला तर चीरही शोधतील, मग भंगारात जाईन गं."

"आणि उद्या भर उतारावर अंग सुटलं तर?" स्टेपनी म्हणाली. "आपल्या जिवावर माणसं बसतात, बाळा. दुखतंय ते दाखव."

रज्जाकभाईंनी चाक फिरवलं. चाकानं मन घट्ट केलं आणि अंग सैल सोडलं. ते चांगलंच डगमगलं.

"हं, इथं बाक आहे." भाईंनी ठोकून पाहिलं, सगळी कड बोटांनी चाचपली. "चीर नाही, ताई. वेळेवर कळलं. होईल सरळ."

दोन दिवस मावशीनं त्याची जागा सांभाळली. तिसऱ्या दिवशी ते चाक दहा माणसं घेऊन घाट चढलं.