करवंदीची जाळी

एकदा एका व्यापाऱ्याने एक उघडाबोडका डोंगर विकत घेतला. लोक म्हणाले, शेटजींचे डोके फिरले. तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. पण हा सौदा नफ्याचा नव्हता. त्या डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या पत्नीचे, सत्यभामाबाईंचे, माहेर होते. एकदा माझ्याबरोबर चला, आमचे रान तुम्हाला दाखवते, असे ती बिचारी जन्मभर म्हणत राहिली आणि हा जन्मभर ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत राहिला. मध्यंतरी ते रान तुटले, आणि मग तीही गेली. आता तिच्या नावाने तिथे पुन्हा रान उभे करायचे आणि मरण्यापूर्वी त्याच्या सावलीत घटकाभर बसायचे, एवढी एकच इच्छा त्याच्यापाशी उरली होती.

पायथ्याशी एक वृद्ध साधुपुरुष आपल्या शिष्यासह राहत असे. झाडांवर त्याचा फार जीव. व्यापारी गाड्या भरून रोपे घेऊनच त्याच्या दारी आला आणि सारी हकीकत सांगून, रान उभे करून द्या, म्हणाला. रोपे परमुलखातली होती, झपाट्याने वाढणारी, लालभडक फुलांची. वृद्धाने ती कौतुकाने न्याहाळली आणि सांगितले की ही तुमच्या शहरातल्या बागेत लावा, तिथे शोभतील. इथली पाखरे यांना ओळखत नाहीत. मग त्याने विचारले, “शेटजी, बाईंना या डोंगरावरचं काय आवडायचं?”

व्यापारी विचारात पडला. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याने कधी विचारलेच नव्हते. शेवटी त्याला आठवले की दर उन्हाळ्यात माहेरून करवंदांची पाटी यायची, आणि त्या दिवशी ती सगळी कामेधामे सोडून ओसरीवर पाय पसरून बसायची, लहान मुलीसारखी. वृद्धाने त्याला निश्चिंत मनाने जायला सांगितले, मात्र अधूनमधून येत चला, असेही बजावले.

शेटजी कसले येतात! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. या दिवाळीनंतर, त्या संक्रांतीनंतर, असे करता करता तीन पावसाळे उलटले.

आला तो मोठ्या आशेने आला, वृद्धाबरोबर आणि शिष्याबरोबर डोंगर चढू लागला, आणि पाहतो तर काय, डोंगरभर कंबरेएवढी काटेरी झुडपे. धोतर फाटले, हात ओरबाडले. करवंदे त्याने आयुष्यभर पाटीत पाहिली होती. त्यांची जाळी कधी पाहिलीच नव्हती. तो मटकन खाली बसला आणि रडू लागला. “बाबा, तिच्या नावाच्या जागेत तुम्ही काटे पेरलेत?”

शिष्याची मान खाली गेली. हाच प्रश्न त्याच्याही मनात इतके दिवस सलत होता. चांगल्यातली चांगली माती गुरूने करवंदी, तोरणी असल्या काटेरी झुडपांना द्यायला लावली होती. जांभूळ, हिरडा असल्या थोर वृक्षांचे नावही काढले नव्हते. बाजाराला जाणारे लोक वाटेत थांबून हसत, आणि ते हसणे त्यालाच ऐकून घ्यावे लागे.

वृद्धाने व्यापाऱ्याला हात धरून उठवले आणि काठीने एक जाळी हलकेच बाजूला केली. आत, दाट सावलीत, जांभळाचे वीतभर रोप उभे होते. ते कोणीही लावलेले नव्हते.

“उघड्यावर जांभूळ लावलं असतं, तर पहिल्याच उन्हाळ्यात गुरांनी संपवलं असतं,” वृद्ध म्हणाला. “करवंदीत गुरं तोंड घालत नाहीत. पाखरं मात्र आसऱ्याला येतात, आणि दूरच्या रानातलं बी इथे टाकून जातात. ही जाळी त्या बीला सावली देते, ओल देते, आणि काटे स्वतःच्या अंगावर वागवून त्याला राखते. उद्या जांभूळ मोठं झालं की त्याच्याच सावलीत ही विरळ होईल; तिची त्याबद्दल तक्रार नसते. इथल्या मातीची ही जुनी रीत आहे, शेटजी. मी फक्त तिला आडवा आलो नाही. बाई ज्या रानाबद्दल सांगायच्या, तेही असंच वाढलेलं होतं.”

व्यापारी त्या रोपापाशी वाकला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे सावली काही माझ्या नशिबी नाही.”

वृद्धाने खोटा धीर दिला नाही. “नाही,” तो म्हणाला.

“मग मी इथे यायचं कशासाठी?”

“बाईंनी बोलावलं होतं ना? तुमचं यायचं राहून गेलं होतं.”

शेटजी पुन्हा रडले, पण या वेळी त्यांना कोणी उठवले नाही. संध्याकाळी गाडीवानाबरोबर घरी निरोप गेला, की मुक्काम वाढला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिष्याच्या मागोमाग डोंगर चढले, आणि हात न ओरबाडता जाळी कशी बाजूला करावी, हे त्यांनी त्याच्याकडून शिकून घेतले.