नऊ मागे उभा राहिला तेव्हा

टेलिफोनच्या तारांच्या जगाला इंटरनेट नवं होतं तेव्हाची गोष्ट. प्रमिलाच्या भावाचा फोन नंबर इंटरनेटच्या वेशीवर आला. पुढे देशाच्या कोडाचा मान मिरवणारा नऊ, सगळ्यांत मागे बुजरा सात, आणि सोबत प्रमिलाचा आवाज.

वेशीवर आठ पायांनी जाळं विणणारी कोळीण म्हणाली, “इथं पत्ता घरापासून सुरू होतो, देश शेवटी येतो. उलटे फिरा, आणि दर दोन आकड्यांच्या मध्ये एकेक टिंब ठेवा.”

“मी शेवटी?” नऊ फणकारला. “चला रे परत!”

“माझा दादा वाट बघत असेल हो,” आवाज कळवळला.

नऊ वाटेतून बाजूला सरला. मग म्हणाला, “सात, तू हो पुढे.”

सात पुढे निघाला, मागे एकेक टिंब ठेवत बाकीचे. दार उघडलं, पलीकडे घंटी वाजली.

“दादा, बाबांनी डोळे उघडले!”

नऊ मागून बघत होता. आपल्या पाठीशी इतके जण उभे असायचे, हे त्याला आजच दिसलं.