न मागणारा प्रचारक

फार जुनी गोष्ट आहे. त्या काळच्या राजांची नावं पुसली गेली, किल्ल्यांवर गवत उगवलं, गोष्ट मात्र राहिली. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांची आहे.

एका राज्यात, खाली मैदानात, येशू ख्रिस्ताला मानणाऱ्यांची एक मंडळी होती. पलीकडच्या उंच डोंगरातल्या गावात शुभवर्तमान न्यायचं असं मंडळीने ठरवलं आणि त्यासाठी एक तरुण प्रचारक निवडला. निघताना मुख्य पाळकांनी त्याला बजावलं, की तू द्यायला चालला आहेस. घोंगड्या दे, औषध दे, वचन दे. त्या लोकांकडून मात्र काहीही मागू नकोस. मागणाऱ्याची मान खाली जाते.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मान खाली गेली तर बिघडतं काय, हे कोणी विचारलं नाही.

प्रचारक खेचरावर सामान लादून डोंगर चढला. गावाच्या कडेला त्याने स्वतःच्या हाताने झोपडी उभारली. दुसऱ्या दिवशी तो गावात गेला, हात जोडले, आपलं नाव सांगितलं. लोकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि आपापल्या कामाला लागले.

असेच महिने गेले. झऱ्यावर बायका त्याला वाट करून द्यायच्या, आधी घागर भरू द्यायच्या, पण शब्द बोलायच्या नाहीत. तो वळला की मागे गप्पा पुन्हा सुरू व्हायच्या. त्याने उंबऱ्यांवर ठेवलेल्या घोंगड्या सकाळी नीट घडी घालून त्याच्याच दाराशी परत आलेल्या असायच्या. रविवारी तो चटई अंथरून एकटाच स्तोत्र म्हणायचा. उत्तर द्यायला समोरचा कडा तेवढा होता.

गाव बोलायचं ते त्याच्या खेचराशी. ते दारोदार जाऊन लोकांच्या हातांना नाक घासायचं. "आलास का रे लबाडा?" म्हणत बायका त्याला मूठभर नाचणी घालायच्या. झोपडीत बसून प्रचारक ते ऐकायचा. माणसाला खेचराचा हेवा वाटावा, इतका तो एकटा पडला होता.

प्रार्थनाही कोरडी झाली. तो देवाचे आभार मानायचा, दिवसाचा वृत्तांत द्यायचा आणि उठायचा. देवाकडेसुद्धा त्याने कधी काही मागितलं नव्हतं. हळूहळू त्याला वाटू लागलं, की देवही या गावासारखाच गप्प आहे, किंवा मुळात नाहीच. शेवटी त्याने ठरवलं, खाली जायचं आणि मंडळीला सांगायचं, की माझा विश्वास संपला.

निघाला त्या सकाळी धुकं होतं. पायवाटेवरच्या ओल्या दगडावरून तो घसरला आणि पाय मोडला. सरपटत कसाबसा झोपडीत परतला. घागर रिकामी होती. खेचर गावात गेलं होतं.

दुपारी मेंढरं घेऊन एक म्हातारी तिथून चालली होती. ती दारात थांबली. तिने त्याचा सुजलेला पाय पाहिला, पालथी पडलेली घागर पाहिली. काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली.

सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "माझं ठीक आहे."

म्हातारी वळली आणि चालू लागली. तिची पाठ धुक्यात शिरताना त्याला कळलं, की ही गेली की आपण इथेच मरणार. त्याने डोळे मिटले. "प्रभू, मला एकट्याला हे जमत नाही. मदत कर." आणि त्याच दमात तो ओरडला, "आजी, पाणी द्या हो!"

म्हातारी परत आली. "घसा आहे म्हणायचा तुला," ती म्हणाली. "मला वाटलं, एखाद दिवशी खेचर बोलेल, पण हा बोलायचा नाही."

मग तिने गावाकडे तोंड करून हाक मारली. माणसं धावत आली. एकाने बांबूच्या कामट्या बांधून पाय बसवला. त्याला कोणाच्या घरी न्यायचं यावरून दोन घरांत चांगलंच वाजलं. शेवटी म्हातारीने सगळ्यांना गप्प केलं आणि आपल्या घरी नेलं. पेज पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, की इतके दिवस कोणी का बोललं नाही.

"माझ्या आज्याच्या वेळी राजाची माणसं आली होती," म्हातारी म्हणाली. "मीठ वाटलं, कापड वाटलं. तुमच्याकडून काही नको म्हणाली. मग एक दिवस अख्खं कुरण घेतलं. वर म्हणतात, आमचं मीठ खाल्लंत ना? तेव्हापासून ठरलं. मागेल त्याच्याशी बोलायचं. मागणाऱ्याची गरज दिसते बाबा. न मागणाऱ्याच्या मनातलं काय दिसतं?"

गावाला निष्ठुर म्हणायला निघालेल्यांनी हे पुन्हा ऐकावं. आपला हात सदा वरच ठेवून देणाऱ्यांनी जगातली किती गावं मुकी केली, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. देणाऱ्यांच्या नावाचे दगड मात्र चौकाचौकात लागतात.

प्रचारकाने पेजेचं रिकामं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आमचा प्रभू एकदा भर दुपारी दमून विहिरीवर बसला होता. अनोळखी बाईकडे त्याने पाणी मागितलं. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल. ऐकली मात्र आज."

"देव असून मागितलं?"

"देव असून."

"आणि तिने दिलं?"

"आधी वाद घातला."

म्हातारी खळखळून हसली. "म्हणजे आमच्यातलीच. सांग पुढचं."

तो सांगत गेला. परक्याच्या घोंगडीत, परक्याची पेज पिऊन, मोडक्या पायाने पडलेला तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा आनंदात होता. आपलं मागणं ऐकणारा कोणी आहे, हे त्याला आता सांगून पटवावं लागत नव्हतं.

उन्हाळ्यात मुख्य पाळक पाहणीला आले. प्रचारक म्हातारीच्या ओसरीवर भाकरी खात बसलेला दिसला. पाळक भडकले. "तू यांच्या घरचं मागून खातोस?"

"प्रभूही लोकांच्या घरी जेवला, पाळकसाहेब," तो म्हणाला. "तुम्हीही बसा. भाकरी मागा, देतील."

पाळक बसले नाहीत. परत चल, नाहीतर मंडळीशी तुझं नातं संपलं, एवढं बजावून ते उतरले. खाली जाऊन त्यांनी सांगितलं, की ते लोक दगडाच्या काळजाचे आहेत. मंडळीने विश्वास ठेवला. वर येणारी मदत थांबली, निरोप थांबले. त्याच्या आईचासुद्धा.

प्रचारक खाली गेला नाही; आपल्या झोपडीत राहून गावाची मेंढरं राखू लागला. काही संध्याकाळी त्याला आईची आठवण यायची आणि झोपडी फार मोठी वाटायची. तेव्हा तो देवाला तसं सांगायचा, मग उठून शेजारच्या दारात विस्तव मागायला जायचा. विस्तव मिळायचा, आणि बसायला पाटही मिळायचा.

बोध एवढाच: ज्याला माणसापुढे हात पसरता येत नाही, त्याचा हात देवापर्यंतही पोचत नाही.