रायाजीरावांचा वर गेलेला हात

चिंचणगडाला राजा नव्हता. लढाई करायची की नाही, हे पंच चावडीपुढे हात वर करून ठरवत. आणि अध्यक्ष निवडायचा झाला की सारं गाव तसाच हात वर करी.

यंदा अध्यक्षपदाला रायाजीराव आणि त्यांचा एक विरोधक उभे होते. पण मागच्या लढाईच्या वेळी पंच म्हणून त्यांनीच हात वर केला होता, आणि त्या लढाईतून कितीतरी घरचे तरणेताठे परतले नव्हते. घोंगड्या विणणाऱ्या हौसाक्काचा थोरला त्यातलाच. तिला राग होताच, पण त्याहून कुतूहल मोठं. हा बाबा आता सांगणार तरी काय?

निवडीच्या दिवशी चावडीपुढे मिशीला पीळ देत रायाजीराव म्हणाले, "तो हात लढाईसाठी नव्हताच! शेजाऱ्याला नुसता धाक बसावा, म्हणून वर केला. मनातून मी विरोधातच होतो."

लोक माना डोलवायला लागले. हौसाक्काने विचारलं, "म्हणजे राव, हात वर दिसला तरी मनात तेच असेल असं नाही?"

"मुळीच नाही! शहाण्याचं खरं मत मनातच असतं."

हौसाक्का शेजारणीच्या कानाला लागली. कुजबुज चावडीभर पसरली. थोड्या वेळाने पंचांनी रायाजीरावांच्या बाजूची मतं मागितली, तर झाडून सगळ्यांचे हात वर! रायाजीराव हरखून अध्यक्षाच्या गादीकडे निघाले.

"थांबा, राव," हौसाक्का म्हणाली. "हे हात तुमच्या विरोधकाला नुसता धाक बसावा म्हणून आहेत. मनातून आम्ही विरोधातच आहोत."

रायाजीरावांनी वळून पाहिलं. एकही हात खाली आला नव्हता.