उपाशी गज

वसईच्या इझाबेलला चर्चच्या वाद्यवृंदात डबल बेस, म्हणजे उभं धरून वाजवायचं भलंमोठं व्हायोलिन, वाजवायचा होता. वाद्य चर्चचं, पण तारांवर ओढायचा केसांचा गज ज्याचा त्याने आणायचा. दुकानात तिने सगळ्यांत स्वस्त गज निवडला, तसे दुकानदार दळवीकाका हसले. जन्मभर तबले विकलेले काका स्वतःला सर्वज्ञ समजत. त्यांनी तो कोरा गज दुकानातल्या डबल बेसच्या तारेवर ओढला. आवाजच नाही!

"बघ पोरी, स्वस्तातला गज मुका!"

"मग भारीतला ओढा ना, काका."

काकांनी ऐटीत नवाकोरा, महागडा गज काढून ओढला. तोही गप्प! काका कावरेबावरे झाले.

इझाबेलने दुकानातलीच राळेची, म्हणजे चिकट डिंकाची, साधी वडी स्वस्त गजाच्या गुळगुळीत केसांवर घासली आणि तो तारेवर ओढला. अख्खं दुकान घुमलं.

"मुका नव्हता, काका. उपाशी होता."

काकांनी हसत तीच राळेची वडी तिच्या हातावर ठेवली. "घे, याचं पहिलं जेवण माझ्याकडून. आता माझ्या महागड्या गजालाही जेवू घाल!"