रेमेतबायचा वरवंटा

फार वर्षं लोटली त्याला. साल कुणाला आठवत नाही, तारीख मात्र वडखाडीत लहान पोरही सांगतं: तीन नोव्हेंबर. सकाळी ऊन होतं. दुपारी दक्षिणेचा वारा फिरला आणि पावसाने असा पडदा धरला की किनाऱ्यावरून दर्या दिसेना.

पाच होड्या बाहेर होत्या. एका होडीत रेमेतबायचा एकुलता एक इनास होता.

असल्या हवेत होड्यांना खाडीचं तोंड सापडायचं ते चर्चच्या घंटेवरून. पण आदल्या वर्षी घंटा वाजत असतानाच रेमेतबायचा नवरा बुडाला होता. घंटेच्या आवाजाने दर्या खवळतो, असं भ्यालेल्या गावाने ठरवलं आणि घंटेचा लोलक काढून खाडीत टाकला. तेव्हा रेमेतबायही गप्प राहिली होती. भीती तिलाही होतीच.

आज चर्चमध्ये सगळं गाव गुडघ्यांवर बसून कुजबुजत होतं. रेमेतबायने जपमाळ धरली, पण हात इतके कापत होते की मणी सरकेना. मग तिला राग आला. स्वतःचा, गावाचा आणि थेट देवाचा. ती घरी गेली, पाट्यावरचा वरवंटा उचलून मनोऱ्याकडे निघाली.

गावचा पाटील बस्त्याव मनोऱ्याच्या दारात आडवा आला. "रेमेत, खुळी झालीस गो? घंटा वाजवून दर्याला बोलावतेस?"

"दर्या काय पाव्हणा आहे, घंटा ऐकून जेवायला यायला? हो बाजूला! तुझा भाऊ पण बाहेर आहे ना रे?"

बस्त्याव बाजूला झाला.

वर चढून तिने वरवंटा घंटेवर हाणला. प्रत्येक घावाला ती ओरडत होती, "ऊठ, देवा! वादळात शिष्यांच्या होडीत निजला होतास, तेव्हा त्यांनी हलवून उठवलं. मी पण उठवणार! तुझा मुलगा क्रुसावर मेला तेव्हा कसं वाटलं, तुला ठाऊक आहे. मग माझ्या पोराच्या वेळी गप्प का?"

असं म्हणतात, ओरडता ओरडता तिच्या हातांचा कंप गेला. राग मात्र गेला नाही.

असं म्हणतात, आवाज वाऱ्याच्या उलट गेला, पाण्याखालीही गेला आणि मासे जागच्या जागी थांबले. होड्यांवरच्या माणसांना घंटा ऐकू आलीच नाही. त्यांना ऐकू आलं ते आपापलं नाव, आई हाक मारते तसं.

तिची बोटं फुटली तेव्हा खालून बस्त्याव चढून आला. त्याने तिच्या हातातला वरवंटा घेतला आणि स्वतः हाणू लागला. मग बाकीचे आले. घंटेला तडा गेला, तरी ती वाजत राहिली.

दिवेलागणीपर्यंत चार होड्या खाडीत शिरल्या. इनास चौथीत होता. रेमेतबायने त्याला पोटाशी धरलं, पुन्हा वर चढली आणि बस्त्यावच्या शेजारी उभी राहून म्हणाली, "आण आता इकडे. तू दमलास."

आजही तीन नोव्हेंबरला वडखाडीच्या बाया आपापला वरवंटा घेऊन मनोऱ्यावर चढतात, तडा गेलेली घंटा बडवतात आणि देवाला मोठ्याने जाब विचारतात. त्या दिवशी चर्चमध्ये कुणी कुजबुजत नाही. बडवायची सुरुवात बस्त्यावच्या घरातली बाई करते. त्याचा भाऊ होता ती पाचवी होडी आली नाही.